मर्जीतले राज्यपाल, मापातले गव्हर्नर

स्वातंत्र्यानंतर आठ वर्षे ग्वाल्हेर ही अर्ध्या वर्षाची राजधानी होती. हिवाळ्यात मध्यभारत राज्याचे सरकार ग्वाल्हेरच्या मोतीमहालात बसे, उन्हाळ्यात इंदूरला जाई. शिंदे आणि होळकर या दोन जुन्या दौलतींचे मान सांभाळायचे तर एवढी यातायात भागच होती. 28 मे 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या राज्याचे उद्घाटन झाले, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. इतर प्रांतांत राज्यपालाचे जे स्थान, तेच इथे राजप्रमुखाचे. फरक एकच, पण मोठा. राज्यपाल राष्ट्रपतींची, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकारची, मर्जी असेतोवर पदावर राहतो. जिवाजीरावांना मात्र विलीनीकरणाच्या करारानुसार हे पद तहहयात मिळाले होते. राज्यपालांना मुदतीची हमी द्या, मग पाहा ते कसे ताठ कण्याने वागतात, असे आज आपण वारंवार ऐकतो. ती हमी ग्वाल्हेरात होती. तिचा उपयोग किती झाला? घटनेच्या मूळ 371व्या कलमाने अशा राज्यांची सरकारे दहा वर्षांसाठी केंद्राच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेवली होती. राजप्रमुखांना हलवणे अवघड होते खरे, पण त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत करावे असे कामही फारसे उरले नव्हते. शेवटी 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते तहहयात पदही 31 ऑक्टोबरला संपवले. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेर नव्या मध्य प्रदेशात आले. त्याचे पहिले राज्यपाल पट्टाभि सीतारामय्या. गंमत म्हणजे आंध्र बँकेचे संस्थापक हेच.

बँकेचा विषय निघालाच आहे, तर त्याच हिवाळ्यात मुंबईत काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी 1956च्या उन्हाळ्यात अर्थमंत्रिपद सोडण्याची भूमिका घेतली आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. देशमुख स्वतः रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. दोन्ही खुर्च्यांची नस त्यांना ठाऊक होती. नव्या अर्थमंत्र्यांनी हुंड्यांवरील मुद्रांक शुल्क वाढवले, त्याने बँकांचे व्याजदर रिझर्व्ह बँकेला न विचारताच चढणार होते. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी 1957मध्ये रामा राव पायउतार झाले. कायदा पाहिला तर यात नवल नाही. 1934च्या रिझर्व्ह बँक कायद्यातले सातवे कलम गव्हर्नरांशी विचारविनिमय करून बँकेला निर्देश देण्याचा अधिकार सरकारला देते, आणि अकरावे कलम गव्हर्नरांना दूर करण्याचा. राज्यपालाला निदान घटनेचे कवच आहे. बँकेच्या गव्हर्नरला साध्या कायद्याचेच.

कागदावर दुबळा असलेला हा दुसरा गव्हर्नर आज राज्यपालापेक्षा जास्त स्वतंत्र दिसतो, आणि त्याचे कारण मला मुदतीत किंवा माणसाच्या करारीपणात सापडत नाही. ते सापडते कामाच्या मापात. 2016मध्ये कायदा बदलून सहा जणांची पतधोरण समिती नेमली गेली. महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवायची, दोन टक्के इकडे किंवा तिकडे, हे लक्ष्य सरकारने ठरवायचे आणि व्याजदर समितीने. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक सदस्याने आपण असे मत का दिले हे आपल्या नावानिशी लिहिलेले असते. सलग तीन तिमाह्या लक्ष्य हुकले तर सरकारला लेखी जाब द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत दिल्लीहून फोन करून व्याजदर पाव टक्का उतरवून घेणे अशक्य नसले, तरी ते इतिवृत्तात लपवणे जिकिरीचे आहे.

यावर लगेच कुणी विचारील: मग नोटाबंदीच्या वेळी हे स्वातंत्र्य कुठे गेले होते? प्रश्न रास्त आहे. 7 नोव्हेंबर 2016 रोजी सरकारने बँकेला सल्ला दिला, दुसऱ्या दिवशी बँकेच्या संचालक मंडळाने शिफारस केली आणि त्याच रात्री घोषणा झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2023 रोजी बहुमताने हा निर्णय वैध ठरवला, पण न्या. नागरत्ना यांनी भिन्न निकालपत्रात बँकेने स्वतःची बुद्धी चालवली नाही असे स्पष्ट म्हटले. तारखा जुळवून पाहा. पतधोरण समितीची पहिली बैठक झाली ऑक्टोबर 2016मध्ये, गव्हर्नर ऊर्जित पटेल. महिनाभराने नोटाबंदी, गव्हर्नर तेच. माणूस एक, बँक एक, सरकारही एक. व्याजदराच्या खोलीत माप, मतदान आणि इतिवृत्त होते. नोटांच्या खोलीत यातले काहीच नव्हते. म्हणून नोटाबंदीचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याला बळच देते. पटेलांनी 2018च्या डिसेंबरात राजीनामा दिला, कारण वैयक्तिक सांगितले. पण सातव्या कलमाखाली सरकारने सुरू केलेल्या विचारविनिमयाची चर्चा तेव्हा वृत्तपत्रांत भरपूर झाली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महागाई मोजता येते, राजकारण कसे मोजणार? राज्यपालाच्या पुढ्यात येते ते फुटलेले पक्ष, पळवलेले आमदार, बदललेल्या निष्ठा. तरीही एक माप तयार झालेच. 1994च्या बोम्मई निकालाने सांगितले की सरकारचे बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात ठरेल. हे माप किती उपयोगी पडते ते 2020च्या मार्चमध्ये ग्वाल्हेर-चंबळनेच दाखवले. ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडले, त्यांच्या बाजूच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, त्यांत याच पट्ट्यातले बरेच. राज्यपाल लालजी टंडन यांनी मुख्यमंत्री कमलनाथांना बहुमत सिद्ध करायला सांगितले, तर विधानसभा अध्यक्षांनी करोनाचे कारण देऊन सभागृह 26 मार्चपर्यंत तहकूब केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हुकूम आला तो अगदी रोखठोक: 20 मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत मतदान, हात वर करून, चित्रीकरणासह. कमलनाथांनी त्याआधीच राजीनामा दिला. यात राज्यपाल दिल्लीच्या सोयीने वागले असा आरोप झाला आणि तो होणारच होता, पण आमदार कसे फोडले गेले याचा निवाडा या मापाने होत नाही. राज्यपालांनी केलेली मागणी योग्य की अयोग्य एवढेच ते सांगते. तेच माप उलटही चालते. मे 2023मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राबाबत सांगितले की ठाकरे सरकारला बहुमत चाचणी द्यायला लावण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपाल कोश्यारी यांच्याकडे नव्हता. ठाकरे चाचणीआधीच पायउतार झाले होते, त्यामुळे सरकार परत आणता आले नाही. चूक मात्र नोंदली गेली.

माप नाही तिथे काय होते, हेही महाराष्ट्रानेच पाहिले. मंत्रिमंडळाने विधान परिषदेच्या बारा नामनियुक्त जागांची यादी नोव्हेंबर 2020मध्ये पाठवली. राज्यपालांनी ना होकार दिला ना नकार. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021मध्ये म्हटले, तरी जून 2022मध्ये सरकार पडेपर्यंत यादी तशीच पडून राहिली. विधेयकांचेही तेच. तामिळनाडूच्या खटल्यात एप्रिल 2025मध्ये न्यायालयाने मुदती घालून दिल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रपतींच्या संदर्भावर मत देताना घटनापीठाने अशा ठरावीक मुदती न्यायालयाला घालता येणार नाहीत असे सांगितले. घटनापीठाचे म्हणणे तर्काला धरून असेलही, पण त्यामुळे गप्प बसण्याची सोय पुष्कळशी शाबूत राहिली.

राज्यपालाला हात न लावता येण्याजोगा करणे हा यावरचा उपाय नाही. लोकांनी निवडलेल्या सरकारवर न निवडलेला माणूस निर्धास्तपणे कुरघोडी करू लागला, तर ते अधिक वाईट. 2010च्या सिंघल निकालाने राज्यपालांना मनमानीने काढता येणार नाही असे म्हटले, पण कारण सांगण्याचे बंधन सरकारवर घातले नाही. काढताना कारण नको आणि अडवतानाही नको, अशी ही दुहेरी मोकळीक आहे. 2004मध्ये काँग्रेस आघाडीने सत्तेवर येताच चार राज्यपाल काढले. विरोधात असताना मर्जीवर टीका करणारे पक्ष दिल्लीत पोचले की हीच मर्जी वापरतात. त्यामुळे घटनादुरुस्तीची वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. विधेयक किंवा यादी किती दिवस आणि कशासाठी रोखली, हे राजभवनाने दर महिन्याला लेखी प्रसिद्ध करायला घटना आडवी येत नाही. बँकेनेही हा धडा पूर्ण गिरवलेला नाही: 2022मध्ये महागाईचे लक्ष्य पहिल्यांदाच सलग तीन तिमाह्या हुकले, नोव्हेंबरात सरकारला पत्र गेले, आणि ज्या जनतेने ती महागाई सोसली तिला ते वाचायला मिळाले नाही.