सैन्य आधी, मतदान नंतर

१९६१ साली गोव्यात सैन्य धाडण्यापूर्वी संसदेत मतदान झाले नाही. राज्यघटनेत तशी अटच नाही. तो निर्णय मंत्रिमंडळाचा. मतदान झाले न्यूयॉर्कमध्ये. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघारीच्या ठरावाला ७ मते अनुकूल, ४ प्रतिकूल पडली. सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक भारताच्या बाजूने राहिले. पण ठराव बारगळला तो सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे.

संसदेने कौल दिला मार्च १९६२ मध्ये. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव २० डिसेंबर १९६१ पासून संघराज्यात समाविष्ट झाले. मुक्तिदिनाच्या भाषणांत क्वचितच येणारी बाब म्हणजे, त्या सभागृहात चोपड्याचा, किंबहुना गोव्यातील कोणत्याच गावाचा निर्वाचित प्रतिनिधी नव्हता. गोमंतकीयांनी लोकसभेसाठी प्रथम मतदान केले ते डिसेंबर १९६३ मध्ये.