येशूविषयीचा आदर आणि येशूचे शिष्यत्व

आदराला मनाची संमती पुरते. शिष्यत्वात आयुष्याची घडीच बदलावी लागते. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रात हा फरक स्पष्ट दिसतो. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. इथवर तो आदर होता. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत मोजली : आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. पुढे १९१७ मध्ये ख्रिस्ती मिशनमधील आपला पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा समुदाय स्थापला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते.