चिंच उतरविणाऱ्यांसाठी दोर व पट्टा

बीड जिल्ह्यात फेब्रुवारी ते एप्रिल हा चिंचेचा हंगाम. झाडे मक्त्याने घेणारे बागवान व व्यापारी बंधू भाव, वजन, वाहतूक यांचा हिशेब चोख ठेवतात. मात्र शेंड्यावर चढणारा गडी पुष्कळदा दोराविनाच असतो. हा खर्चही मक्त्याच्या हिशेबात धरावा.

दोर 11 ते 13 मिलिमीटर जाडीचा, आत गाभा व वर विणीचे आवरण असलेला नायलॉनचा घ्यावा. स्वस्त प्लॅस्टिकचा दोर उन्हाने कुजतो. नुसता कमरपट्टा पुरत नाही. पडताना सारा झटका पोटाला व कण्याला बसतो. खांदे, छाती व मांड्या धरणारा पट्टा आय. एस. 3521 या भारतीय मानकाचा आहे का, ते पाहून घ्यावा. सोबत शिरस्त्राणही हवे.

दोर खोडाजवळच्या जाड, ओल्या फांदीला, डोक्याच्या वरच बांधावा. वाळक्या फांदीला कधीच नाही. ढील कमी ठेवावी, म्हणजे पाय सुटला तरी झटका थोडा बसतो. कोयता दोरापासून दूर चालवावा. चढण्यापूर्वी दोर हातात फिरवून पाहावा. आवरण कापलेले किंवा मोठा झटका बसलेला दोर चढण्यास वापरू नये.

हंगामाचा तोटा पुढील वर्षी भरून निघतो. घरातला कमावता माणूस गेला, तर ते नुकसान कशानेच भरत नाही.