एक तास सुटा करताना

रात्री 10 वाजून 45 मिनिटांनी सुटलेली गाडी सकाळी 6 वाजून 20 मिनिटांनी पोहोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला? मधल्या इयत्तांच्या गणितात हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. 24 तासांच्या घड्याळात 22 तास 45 मिनिटांना गाडी सुटली. पोहोचण्याची वेळ दुसऱ्या दिवसाची, म्हणून 24 मिळवून ती 30 तास 20 मिनिटे धरायची. आता वजाबाकी. 20 मधून 45 जात नाहीत, म्हणून शेजारचा एक तास सुटा करायचा. दशमानाची सवय लागलेलं मूल इथे हमखास 100 घेतं आणि उत्तर येतं 7 तास 75 मिनिटे. खरं तर घ्यायचे असतात 60. 80 वजा 45, म्हणजे 35 मिनिटे. उत्तर, 7 तास 35 मिनिटे.

या एका पायरीवर मला दर वेळी थांबावंसं वाटतं. कारण इथे ते मूल सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या पद्धतीने हिशेब करत असतं! आजच्या इराकमध्ये, तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात, बाबिलोनी लेखनिक ओल्या मातीच्या पाटीवर आकडे उमटवत. आपण दहाला पुढचं घर गाठतो, ते साठाला गाठत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अशी एक पाटी आहे, तळहातावर मावेल एवढी. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे कर्ण काढलेत आणि कर्णावर चार आकडे आहेत: 1, 24, 51, 10. ते घड्याळासारखे वाचायचे. 1 पूर्ण, मग 24 साठांश, 51 त्याचे साठांश, 10 त्याचेही साठांश. बेरीज येते 1.41421. हे 2 चं वर्गमूळ, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत अचूक. पुढे ग्रीक खगोलज्ञांनी आकाशातली अंतरं मोजायला हीच पद्धत घेतली आणि अंश-कलांच्या वाटेने ती घड्याळातही आली.

पण साठच का टिकले? 60 ला 1, 2, 3, 4, 5, 6, 10, 12, 15, 20, 30 आणि 60 या बारा संख्यांनी भाग जातो. 1 ते 6 या सगळ्यांनी भाग जाणारी ही सर्वांत लहान संख्या. तासाचा तिसरा हिस्सा 20 मिनिटे, बारावा 5 मिनिटे. सगळं पूर्णांकात. 100 चे तीन सारखे भाग करून पाहा, अपूर्णांक पाठ सोडत नाही.

फ्रेंच क्रांतिकारकांनी मात्र वेळही दशमानात आणायचं ठरवलं. 1793 साली कायदा झाला: दिवसाचे 10 तास, तासाची 100 मिनिटे, मिनिटाचे 100 सेकंद. त्यांचं एक मिनिट आपल्या 86.4 सेकंदांचं होई. तशी घड्याळं बनलीसुद्धा. पण लोकांच्या अंगवळणी ती पडली नाहीत. 7 एप्रिल 1795 च्या ज्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम दिले, त्याच कायद्याने हे दशमान घड्याळ स्थगित केलं. लांबी-वजन दहाच्या हाती गेलं, वेळ साठाकडेच राहिली.

सेकंदाच्या खाली मात्र दहाचंच राज्य आहे. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. तिची वेळ 55.42 सेकंद, तिसरी आलेल्या धावपटूची 55.41. म्हणजे मिनिट-सेकंद साठाने आणि त्याखालचं दहाने, एकाच पडद्यावर दोन मोजण्या. म्हणूनच 2.30 तास म्हणजे अडीच तास नव्हेत, 2 तास 18 मिनिटे. हा फरक कळला की मुलांच्या निम्म्या चुका आपोआप जातील.

आपल्याकडचं मोजमाप तर याहून देखणं आहे. दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळे. एक घटका 24 मिनिटांची. बुडाला बारीक छिद्र असलेलं घटिकापात्र पाण्यावर ठेवत. ते भरून बुडालं की एक घटका झाली. जुन्या पंचांगांत तिथीची समाप्ती सूर्योदयापासून घटी-पळांत दिलेली असते. समजा 17 घटी 35 पळे आहेत. दुप्पट करा: 34 घटी 70 पळे, म्हणजेच 35 घटी 10 पळे. पाचाने भागा: 7 आणि 2. झालं, 7 तास 2 मिनिटे! घटीचा तासाशी जो 2:5 संबंध, तोच पळाचा मिनिटाशी. म्हणून दोन्ही घरं एका दमात बदलतात. सूर्योदय 6:20 चा असेल, तर तिथी दुपारी 1:22 ला संपली.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. घटी-पळांचं पंचांग मिळालं तर त्यातली एक तिथी मुलांना सोडवायला द्या आणि मग उलटही विचारा: 9 तास 36 मिनिटे म्हणजे किती घटका? पाचाने गुणून दोनाने भागायचं. उत्तर नेमकं 24 येतं.