इन्सुलिनमध्ये डुकराचं काही असतं का?

पिंपळगाव राजा असो की खामगाव, डॉक्टरांनी शुगरच्या पेशंटला इन्सुलिन लिहून दिलं की घरात कुणीतरी विचारतंच, "ह्यात डुकराचं काही नाही ना?" काही जण त्यापायी सुई टाळतात. हलाल-हरामची काळजी ईमानवाल्याला असणारच. पण ही माहिती आता जुनी झाली आहे.

इन्सुलिन हे प्रोटीन आहे. 51 अमिनो आम्लांचे मणी, दोन माळांत ओवलेले. स्वादुपिंडातून ते रक्तात येतं. पेशीच्या आवरणावर त्याच्यासाठी जणू एक कुलूप असतं. इन्सुलिन तिथे बसलं की आत निरोप जातो, एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे. मग स्नायू आणि चरबीच्या पेशींत आत ठेवलेली साखरेची 'दारं' आवरणावर येतात अन् साखर आत शिरते. निरोपच गेला नाही तर रक्तात साखर भरपूर, पेशी मात्र उपाशी!

1921 मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं. पुढे साठेक वर्षं ते गाय-डुकराच्या स्वादुपिंडातूनच काढत. डुकराच्या इन्सुलिनात माणसापेक्षा एकच मणी वेगळा, म्हणून ते चालायचं. 1978 मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचा नकाशा, म्हणजे जीन, जिवाणूत घातला. जिवाणू तो वाचून मणी ओवू लागले. 1982 पासून असं इन्सुलिन बाजारात आहे. आपल्या औरंगाबादेतही (आता छत्रपती संभाजीनगर) हबील खोराकीवाला यांच्या वोक्हार्टने 2003 मध्ये यीस्टपासून ते बनवलं. आज मेडिकलवर मिळणारं जवळपास सगळं इन्सुलिन याच पद्धतीचं. शंका असेल तर खोक्यावर 'आर-डीएनए' लिहिलंय का ते बघा.

गोळी का नाही? पोट प्रोटीन पचवून टाकतं, म्हणून सुई. सुईने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. तरी रमजानआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, कारण उपाशीपोटी साखर एकदम घसरू शकते.

आणखी एक, आपल्या वऱ्हाडी उन्हाळ्यासाठी. उष्णतेने प्रोटीनची घडी मोडते अन् इन्सुलिन निकामी होतं. बर्फात गोठलं तरी तेच. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही. लाईट गेली तर बाटली बंद पिशवीत घालून गार माठात ठेवा. पाणी आत शिरता कामा नये.