काळ्या मातीतल्या टाक्यांची पंचवीस वर्षे

बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी संडास आले ते मुख्यतः गेल्या पंचवीस वर्षांत. २०००-०१ मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावेच्या गावे झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, त्यामुळे वऱ्हाडात या नावाचे वजन वेगळेच. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आला. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाले, १२ हजारांचे अनुदान मिळू लागले आणि २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. अंधार पडायची वाट बघत दिवस काढणाऱ्या बायाबापड्यांचे हाल यातून कमी झाले. हे काम मोठेच आहे.

पण या साऱ्या वर्षांत मोजले गेले ते संडास. खालच्या खड्ड्याची चौकशी फारशी झाली नाही.

आपल्या जिल्ह्यात घाटावरची जमीन वेगळी, घाटाखालची वेगळी. बुलढाणा, चिखली, मेहकरकडे थोड्या मातीखाली मुरूम लागतो, कुठे थेट काळा पाषाण. मुरूम पाणी पितो, पाषाण पीत नाही. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरच्या पट्ट्यात, खोल काळी माती. ती ओली झाली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना ओढते. या दोन्ही जमिनींत एकाच मापाचे खड्डे खणले गेले. श्रावणात संडास तुंबतो, भांड्यात पाणी वर येते, ते याचमुळे. दोष घरच्यांचा नसतो.

ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांनी पक्की टाकी बांधली, जिला सगळे सेफ्टी टँक म्हणतात. अशी बिघडलेली टाकी उघडून पाहा. वर हातभर जाड साय, खाली दगडासारखा बसलेला गाळ, आणि मधे पाण्याला जेमतेम जागा. आत-बाहेरच्या तोंडाला टी-पाइप हवा, तो बऱ्याचदा बसवलेलाच नसतो, म्हणून साय सरळ पुढे सरकते. न्हाणीचे पाणीही त्यातच सोडलेले. शोषखड्डा नसतोच, बाहेरचा पाइप उघड्या नालीत. टाकी फक्त घाण कुजवते. तिच्यातून निघणारे पाणी शुद्ध नसते, ते जमिनीत जिरायलाच हवे.

अशी टाकी फोडून नवी बांधायची गरज बहुतेक वेळा नसते. गाळ उपसावा, टी-पाइप बसवावेत, न्हाणीचे पाणी वेगळे काढावे. शोषखड्डा जाळीच्या वीटकामाचा घ्यावा आणि काळ्या मातीत त्याच्याभोवती फूटभर रुंद वाळू-खडीचा पट्टा भरावा. विहीर किंवा बोअर जवळ असेल, तर खड्ड्याची जागाच बदलावी. एक खड्डा असलेल्यांनी दुसरा जोडावा: एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा, आणि वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातले सोनखत शेतात टाकायचे. देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी हयातभर हेच सांगितले, की मैला नीट कुजवला तर तो खत होतो. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सगळ्यात जिवावरची गोष्ट उपशाची. टाकीत साचलेला वायू दिसत नाही, आणि आत उतरलेल्या माणसाला परत वर येऊ देत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या घरच्यांना १० लाख, आणि २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई बंधनकारक केली. तरी माणूस उतरवला जातोच, कारण सक्शन गाडी दूरच्या नगरपालिकेत असते आणि फेऱ्याचे पैसे जड वाटतात. आपल्याच राज्यात वाई नगरपालिकेने तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी उपसायचे वेळापत्रक लावले, आणि गाळ प्रक्रियेसाठी प्रकल्प उभारला.

ते इथेही होऊ शकते. एका ग्रामपंचायतीला गाडी परवडत नसेल, तर शेजारच्या चार-पाच गावांनी मिळून घ्यावी आणि गाळ कुठे टाकायचा ती जागा आधी ठरवावी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि तोवर आपल्या टाकीत माणूस उतरवू नका.