शाकारलेले कारखाने

शिराकावा-गोच्या घरांचं छायाचित्र पाहणाऱ्याची नजर छपरावरच खिळते. खिळणारच. खाली भिंती जेमतेम एका मजल्याच्या, आणि त्यांवर दोन-तीन माळे पोटात घेऊन साठ अंशांपर्यंत चढत गेलेलं गवताचं छप्पर. इथे दोन-तीन मीटर बर्फ साचतो, तो घसरून पडावा म्हणून हा उतार, असं प्रत्येक माहितीपत्रक सांगतं. खरं आहे, पण अर्धंच. बर्फ जपानात इतरत्रही भरपूर पडतो. म्हणून काही सगळीकडे असले उंच माळे उभे राहिले नाहीत. इथे ते लागले, कारण नुसत्या शेतीवर पोट भरत नव्हतं.

गिफू प्रांतातलं शिराकावा-गो आणि तोयामा प्रांतातलं गोकायामा ही दोन्ही शोगावा नदीच्या खोऱ्यातली. भाताला सपाट जमीन थोडी. डोंगरउतारावरचा झाडोरा जाळून राळा-वरीसारखी धान्यं घ्यायची आणि बांधाबांधाला तुती लावायची. तुतीवर रेशीमकिडे पोसायचे, तर त्यांना जागा हवी, ऊब हवी, खेळती हवा हवी. ते सगळं माळ्यावर मिळालं. माळ्यांच्या जमिनीत मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. खालच्या इरोरीची, म्हणजे जमिनीतल्या चुलीची, ऊब त्यांतून वर चढते. धूरही चढतो. त्याच्या काजळीने लाकूड, दोर आणि गवत किडीपासून वाचतं. चूल विझली की छपराचं आयुष्य घटतं, हे आज या घरांची निगा राखणाऱ्यांना नीट ठाऊक आहे.

माळ्यावर रेशीम, तर जमिनीखाली सोरा. मला या घरांची ही बाजू सर्वांत विलक्षण वाटते. चुलीजवळ फळ्यांखाली खड्डा खणून त्यात माती, रानातला पाला आणि रेशीमकिड्यांची विष्ठा यांचे थर रचत. ते काही वर्षं खालीवर करत मुरवायचे, मग ती माती धुऊन पाणी आटवायचं. मिळणारा सोरा बंदुकीच्या दारूसाठी जाई. गोकायामावर कागा संस्थानच्या माएदा घराण्याची सत्ता होती आणि हा माल तेच विकत घेत. पुढे मेइजी काळात परदेशी सोरा स्वस्तात येऊ लागला आणि हा धंदा बसला.

बांधणीतही दोन हात दिसतात. खालचा सांगाडा सुतारांचा, वरचं छप्पर गावकऱ्यांचं. छपराच्या मोठ्या तिरप्या वाशांची खालची टोकं तासून निमुळती केलेली असतात आणि ती तुळयांच्या खोबणीत नुसती टेकवलेली असतात. छपरात खिळा नाही. गवताचे दोर आणि नेसो नावाच्या झुडपाच्या ओल्या फांद्या पिळून सगळं बांधतात. फांदी वाळते तशी गाठ आवळत जाते. वारा-बर्फाच्या रेट्याखाली छप्पर जरा हलतं, पण मोडत नाही. खोऱ्यातून वारा दक्षिणोत्तर वाहतो, म्हणून घरांची त्रिकोणी तोंडं त्याच दिशांना. दोन्ही पाखी पूर्व-पश्चिम, म्हणजे दोन्हींना ऊन मिळतं.

छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं. एका कुटुंबाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. आपल्याकडच्या सावडीसारखी तिथे ‘युइ’ आहे: शे-दोनशे माणसं जमतात आणि एक पाखं एक-दोन दिवसांत उरकतात. कोणी किती दिवस काम केलं, कोणी किती गवत दिलं याच्या वह्या ठेवलेल्या असत. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. हिशेब मात्र चोख.

१९३५ साली जर्मन वास्तुरचनाकार ब्रूनो टाउट इथे आला आणि या घरांच्या तर्कशुद्ध बांधणीवर खूश झाला. त्याच्या कौतुकाने नाव झालं, पण घरं काही वाचली नाहीत. रेशीम संपलं, तरुण शहरांकडे गेले, १९६१मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाखाली काही वस्त्या बुडाल्या. उरलेल्यांतली कित्येक घरं आगीत गेली, विकली गेली, उचलून दूर शहरांत उपाहारगृहं म्हणून उभी राहिली. तेव्हा १९७१मध्ये शिराकावा-गोतल्या ओगिमाची गावाने ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९९५ साली ओगिमाची आणि गोकायामातली आइनोकुरा, सुगानुमा ही तीन गावं जागतिक वारसा यादीत आली; त्यांतलं ओगिमाची आलं ते या निर्धाराच्या जोरावर. त्याच्यावरचा सरकारी शिक्का नंतरचा.

आता माळ्यांवर रेशीमकिड्यांऐवजी पर्यटक चढतात. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. हे घर पहिल्यापासून कमाईसाठीच बांधलेलं होतं. अडचण वेगळी आहे: गवत कापणारे आणि शाकारणी जाणणारे हात कमी होत आहेत, त्यामुळे कित्येक शाकारण्या आता कंत्राटी कारागीर करतात.

हिवाळ्यातल्या रोषणाईच्या रात्री तिथे जायचं असेल तर आगाऊ नोंदणी लागते. त्यापेक्षा एखाद्या साध्या दिवशी जा, ओगिमाचीतल्या वादा घराचं तिकीट काढा आणि माळ्यावर चढून छपराच्या गाठी जवळून पाहा.